दर्या आणि दऱ्या : एका ‘र’चा संगणकातला पत्ता

दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. आचार्यांना बोलावलं तर व्याख्यान होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. मराठी वाचणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, डोळा तो आपोआप टिपतो. पण हा फरक केवढ्याशा खुणेवर उभा आहे ते पाहा. एका शब्दात ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. दुसऱ्या शब्दात तो पापणीसारखी वळलेली रेघ होऊन ‘य’च्या डावीकडे चिकटतो. बाकी सगळं सारखं.

छापील अंकात ही पापणी दिसली की काम झालं. पडद्यावरच्या मजकुराचं तसं नाही. तो शोधला जातो, कॉपी-पेस्ट होतो, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जातो, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेला जातो. या सगळ्या प्रवासात पापणी टिकेल की नाही, हे ती पडद्यावर कशी दिसते यावर ठरत नाही. आत कशी साठवली आहे यावर ठरतं. आपलं नियतकालिकही पडद्यावरच वाचलं जातं, म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

पापणीचा ‘र’ नेमका कुठे येतो?

देवनागरीत ‘र’ची रूपं बरीच आहेत. ‘राम’मधला पूर्ण र, ‘अर्क’मधला रफार, ‘चक्र’मधली तिरकी रेघ, ‘राष्ट्र’मधली खालची टोपी. ही चारही रूपं हिंदीतही आहेत. पाचवं रूप, म्हणजे पापणी, मराठी-कोकणीत आणि नेपाळीत दिसतं. हिंदीला त्याची गरज पडत नाही. संगणकाच्या क्षेत्रात त्याला ‘आयलॅश रा’ म्हणतात. आपण सोयीसाठी ‘पापणीचा र’ म्हणू.

मराठीत तो मुख्यतः दोन ठिकाणी येतो. पहिलं ठिकाण ‘ऱ्य’. शब्दाच्या शेवटी ‘रा’ किंवा ‘री’ असेल आणि त्याला विभक्ती लागली किंवा अनेकवचन झालं, की हा र हजर: दुसरा–दुसऱ्या, वारा–वाऱ्यावर, शेतकरी–शेतकऱ्याला, सुरी–सुऱ्या, परी–पऱ्या. दुसरं ठिकाण ‘ऱ्ह’: वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड, गोऱ्हे. संस्कृत ‘ह्रास’ आणि ‘ह्रस्व’ हे शब्दसुद्धा मराठीच्या तोंडात ‘ऱ्हास’ आणि ‘ऱ्हस्व’ झाले. आपल्या सुरतेचा जुना व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून ज्या शहराकडे जायचा, ते बुरहानपूरही मराठीत ‘बऱ्हाणपूर’ होतं.

हा नुसता लिहिण्याचा चोचला आहे का? नाही. तोंडाने म्हणून पाहा. ‘दर्या’ म्हणताना शब्द ‘दर्–या’ असा तुटतो आणि ‘द’वर जोर येतो. ‘दऱ्या’ म्हणताना तो ‘द–ऱ्या’ असा तुटतो, ‘द’ हलकाच राहतो. वृत्तात मात्रा मोजणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं: रफाराच्या आधीचं अक्षर गुरू होतं, पापणीच्या आधीचं होत नाही. म्हणजे उच्चार वेगळा आणि अर्थही वेगळा. असं असेल तर ती खूण भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची, मग ती दिसायला कितीही छोटी असो.

खिळ्यांचा जुना प्रश्न

आपल्या लिपीला यंत्रात बसवताना होणारी ओढाताण संगणकापासून सुरू झालेली नाही. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पाठवलेल्या पत्रात एक अडचण मांडली होती. इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापली जावीत, अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. पण युरोपात २४ साच्यांत भागतं तिथे या लिपीला सुमारे ६०० साचे लागतील, आणि ते ओतणं अशक्य दिसतं, असं त्यांनी कळवलं. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला छापलं गेलं, ते रोमन लिपीत. मराठी ओव्यांचा एवढा मोठा ग्रंथ, पण मराठी अक्षर एकही नाही.

पुढची गोष्ट थेट सुरतेची. इथले व्यापारी भीमजी पारेख यांना भारतीय लिपीत छपाई करायची होती. त्यांनी १६७० साली ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक आला खरा, पण त्याला छापता येत होतं, खिळे कोरता येत नव्हते. त्यामुळे ‘बनिया’ अक्षरांचे खिळे काही त्याच्या हातून झाले नाहीत.

दोन्ही ठिकाणी अडचण एकच होती. खिळा म्हणजे आकार. जेवढे आकार, तेवढे खिळे. जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार, पापणी, सगळ्यांना स्वतंत्र धातूचा तुकडा हवा.

संगणकातल्या सुरुवातीच्या मराठीतही हाच विचार चालू राहिला. शिवाजी, श्री-लिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण आत एखादं इंग्रजी अक्षर असायचं. फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा. अशी एखादी जुनी फाईल तुम्ही उघडली असेल, तर तो अगम्य मजकूर तुमच्या ओळखीचा असेल.

आकार नाही, ओळख

यातून बाहेर पडायची वाट अशी निघाली: संगणकात आकार साठवायचाच नाही, अक्षराची ओळख साठवायची. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक. आकार जुळवायचं काम फॉन्टवर सोडायचं. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे तीन क्रमांक ओळीने आले की फॉन्ट त्यांचा ‘क्ष’ करून दाखवतो. आत तीनच क्रमांक, वर एक जोडाक्षर. स्टीफन्सना जिथे ६०० साचे लागणार होते तिथे आता देवनागरीच्या मुख्य तक्त्याला १२८ जागा पुरतात, आणि त्यात मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, सिंधी, काश्मिरी सगळ्यांची सोय होते.

भारतात या पद्धतीचं प्रमाण ‘इस्की’ या नावाने तयार झालं. त्याची १९८८ आणि १९९१ ची रूपं प्रसिद्ध आहेत. १९९१ सालीच ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक देण्याचा तो प्रकल्प. भारतीय लिप्यांची मांडणी त्याने १९८८ च्या इस्कीवरून घेतली.

युनिकोडचे क्रमांक सोळाच्या पद्धतीने लिहितात: ० ते ९ आणि त्यानंतर ए ते एफ. देवनागरीचा तक्ता ०९०० पासून सुरू होतो. ‘र’चा क्रमांक ०९३०, ‘ल’चा ०९३२, ‘ळ’चा ०९३३.

मधला ०९३१ कोणाचा? तो ‘ऱ’चा. खाली टिंब असलेला र.

कन्नडच्या रांगेतली खुर्ची

खाली टिंब असलेला हा पूर्ण ‘ऱ’ मराठीत एकटा कधी येतच नाही. मग त्याला जागा कशी मिळाली? उत्तर दक्षिणेकडे आहे.

इस्कीची कल्पना अशी होती की भारतीय लिप्यांचे तक्ते एकमेकांना समांतर असावेत. देवनागरीत ‘क’ ज्या जागेवर, गुजरातीत आणि कन्नडमध्येही त्याच जागेवर. सिनेमागृहात प्रत्येक रांगेत तोच खुर्ची क्रमांक असतो, तसं. एखाद्या लिपीत एखादं अक्षर नसेल तर तिच्या रांगेतली ती खुर्ची रिकामी ठेवायची.

द्राविड भाषांमध्ये मुळात दोन ‘र’ होते. तमिळ आणि मल्याळममध्ये दुसरा, कडक ‘र’ आजही वापरात आहे. कन्नडमध्ये तो जुन्या भाषेत होता. दहाव्या शतकातल्या पंप कवीच्या काव्यात तो सापडतो. नंतर कन्नड भाषिकांनी तो सोडला आणि रोजच्या लिखाणातून तो गेला. पण जुने ग्रंथ आणि शिलालेख संगणकावर आणायचे तर अक्षर हवंच, म्हणून कन्नडच्या तक्त्यात त्याचा क्रमांक आहे: ०सीबी१. आपापल्या तक्त्यात मोजलं तर हा कन्नडचा कडक र आणि देवनागरीचा ‘ऱ’ दोघेही ५० व्या खुर्चीवर बसलेले दिसतात. दक्षिणेचं ते अक्षर देवनागरीत उतरवून घेता यावं, यासाठीच ती खुर्ची ठेवली होती. युनिकोडच्या तक्त्यात या अक्षराशेजारी अजूनही तशी टीप आहे.

त्याच टीपेत पुढे असंही म्हटलं आहे की या अक्षराचं अर्धं रूप म्हणजे पापणीचा र. म्हणजे ०९३१, मग हलन्त, मग ‘य’ असं लिहिलं की फॉन्ट खालचं टिंब काढून टाकतो आणि ‘ऱ्य’ दाखवतो. खुर्ची मांडली होती दक्षिणेच्या पाहुण्यासाठी, पण तिच्यावर रोज बसतो तो आपला ‘दुसऱ्या’ आणि ‘शेतकऱ्या’मधला र.

अदृश्य जोडणीचा घोळ

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पापणी लिहिण्याची आणखी एक पद्धत आहे.

१९९६ सालच्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ती वेगळ्या रीतीने लिहायची होती: साधा र, मग हलन्त, मग ‘शून्य-रुंदीचा जोडक’ आणि मग य. हा जोडक म्हणजे पडद्यावर अजिबात न दिसणारं चिन्ह. त्याचं काम फॉन्टला एवढंच सांगणं की ‘इथे रफार करू नकोस, अर्धं रूप दाखव’. पुढे ०९३१ ची पद्धत आली, तरी जुना मजकूर मोडू नये म्हणून आधीची पद्धतही चालू ठेवली. त्यामुळे आज दोन्ही पद्धतींनी लिहिलेला मराठी मजकूर सगळीकडे मिसळलेला आहे. कोणता कीबोर्ड वापरला यावर कोणती पद्धत पडेल ते ठरतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

डोळ्याला सारखे, पण संगणकाला वेगळे. संगणक क्रमांक जुळवतो, चित्र नाही. युनिकोडने काही जोड्या अधिकृतपणे ‘समान’ ठरवल्या आहेत. ‘र’ला वेगळं टिंब जोडून केलेला ऱ आणि सरळ ०९३१ हे दोन समान मानले जातात. पण ०९३१ ची पापणी आणि जोडकाची पापणी या समान जोड्यांत नाहीत. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साधा शोध ‘सापडला नाही’ म्हणून सांगू शकतो. शब्द समोर पानावर असतो, तरीही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. जोडक अदृश्य असल्यामुळे अनेक प्रोग्रॅम त्याला दुर्लक्षणीय समजतात. मजकूर ‘साफ’ करताना, फॉर्ममध्ये भरताना, एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेताना तो गाळला जाऊ शकतो. तो गळला की उरतं काय? साधा र, हलन्त, य. म्हणजे रफार. ‘दऱ्या’ची ‘दर्या’ झाली, ‘आचाऱ्यांचे’ ‘आचार्य’ झाले. आणि एकदा झालं की परत फिरवता येत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीत खरे आहेत. यंत्राला कसं कळणार की लेखकाला समुद्र म्हणायचा होता की डोंगर?

म्हणून माझं म्हणणं असं, की जो फरक अर्थाचा आहे तो अक्षरानेच वाहायला हवा. न दिसणाऱ्या चिन्हाच्या भरवशावर सोडू नये. मराठीत ‘ल’चा आकार पाकळीचा असतो आणि हिंदीत दांडीचा, पण तो फरक केवळ दिसण्याचा आहे. दोघांचा क्रमांक एकच आहे आणि तेच बरोबर आहे. आकार फॉन्टने सांभाळावा. पापणी तशी नाही. रफार आणि पापणी बदलली तर शब्दच बदलतो. त्यामुळे ०९३१ ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. टिंब दिसो न दिसो, अक्षराची ओळख क्रमांकात पक्की राहते.

सुरतेत हा प्रश्न जास्त का बोचतो

आता गुजरातीच्या रांगेकडे पाहू. गुजरातीत ‘र’ आहे, ‘ल’ आहे, ‘ळ’सुद्धा आहे. पण मधली ती ५० वी खुर्ची, क्रमांक ०एबी१, रिकामी आहे. गुजराती भाषेला पापणीच्या ‘र’ची गरजच नाही, त्यामुळे यात कोणाची चूक नाही.

पण सुरतेत मराठी माणसाचं नाव रोज या दोन लिप्यांमधून ये-जा करतं. लिंबायत, उधना, डिंडोलीत धुळे-जळगाव-नंदुरबारकडून आलेली हजारो घरं आहेत. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. घरात मराठी, दुकानाच्या पाटीवर आणि सरकारी कागदावर गुजराती. समजा एखाद्याचं आडनाव ‘गोऱ्हे’ आहे. गुजरातीत उतरवताना पापणीला खुर्ची नाही, म्हणून रफार घालावा लागतो. तेच नाव पुढे कधी यंत्राने गुजरातीतून देवनागरीत परत आणलं तर ते ‘गोर्हे’ होऊन येणार. ‘कऱ्हाडे’ असतील तर ‘कर्हाडे’. माणूस तोच, पण नाव पहिल्यासारखं राहिलं नाही. आणि क्रमांक जुळवणाऱ्या संगणकासाठी ही दोन नावं म्हणजे दोन माणसं.

मराठी येणारा माणूस हे पाहताच दुरुस्त करेल. यंत्र करू शकणार नाही, कारण पापणी होती ही माहिती गुजराती रूपात उरलेलीच नाही. म्हणून नावाचं मराठी रूप एका ठिकाणी तरी नीट, ०९३१ ने, नोंदवलेलं असणं महत्त्वाचं. शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, संस्थेची स्मरणिका, काहीही. कुठेतरी मूळ प्रत हवी.

यादी बदलते का?

बदलते, पण वाढण्याच्या दिशेनेच. एकदा दिलेला क्रमांक काढून घेत नाहीत आणि नावही बदलत नाहीत. याचं गमतीदार उदाहरण कन्नडचंच आहे. जुन्या कन्नडमध्ये तमिळसारखं ‘ऴ’ हे अक्षर होतं. युनिकोडमध्ये ते आलं, पण कोणाच्या तरी गैरसमजाने त्याचं अधिकृत नाव पडलं ‘फ’! चूक लक्षात आली, तरी नाव न बदलण्याचा नियम आडवा आला. मग बरोबर नाव ‘उपनाव’ म्हणून जोडलं गेलं. आजही यादीत ते अक्षर चुकीचं नाव मिरवत बसलं आहे.

नवीन अक्षरं मात्र येत राहतात. मंगळूरचे कॅथलिक कोकणी कन्नड लिपीत लिहितात. १९३८ साली सुरू झालेलं ‘रकणो’ हे तिथलं साप्ताहिक याच लिपीतलं. कन्नड लिपीत कोकणी लिहिताना अनुनासिक उच्चारासाठी लागणारं एक चिन्ह, अक्षराच्या वर उजवीकडे बसणारा अनुस्वार, युनिकोडमध्ये आलं ते थेट २०२२ साली, पंधराव्या आवृत्तीत.

आपल्या मराठीचं उदाहरण ‘ॲ’चं. २००८ सालापर्यंत या स्वराला स्वतःचा क्रमांक नव्हता. ‘अ’ आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे जोडून काम भागवत. त्या वर्षी ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला ०९७२ हा क्रमांक मिळाला, आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने ॲ आणि ऑ मराठी वर्णमालेत आले. आपल्याकडच्या ॲग्नेस आणि ॲन्थनी यांना हा क्रमांक जवळचा वाटायला हरकत नाही! पण इथेही तोच घोळ आहे: जुनी दोन तुकड्यांची पद्धत आणि नवा क्रमांक दिसायला सारखे, पण संगणकाच्या हिशेबात समान नाहीत.

आपण काय करायचं?

फार काही नाही. आधी आपला कीबोर्ड कोणती पापणी देतो ते तपासा. ‘दऱ्या’ टाईप करा आणि बॅकस्पेसने एकेक चिन्ह मागे पुसत या: आधी काना जाईल, मग य, मग हलन्त. बहुतेक प्रोग्रॅममध्ये हे असंच चालतं. शेवटी ‘द’च्या पुढे खाली टिंब असलेला ऱ उरला तर ती ०९३१ ची पापणी. साधा ‘दर’ उरला तर जोडकाची.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हे सोपं आहे. ‘जे’ या कळीवर र असतो. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ. मग ‘डी’वरचा हलन्त, आणि पुढे य किंवा ह. टाईप करताना क्षणभर टिंब दिसेल. घाबरून पुसू नका, पुढचं अक्षर आलं की ते जाईल. नेमकं हे टिंब पाहूनच पुष्कळ जण ‘चुकलं’ समजून दुसरी पद्धत शोधतात.

जुना मजकूर असेल तर ‘शोधा आणि बदला’ वापरून जोडकाची पापणी एकदम ०९३१ मध्ये बदलता येते. हे जोडक शाबूत असेपर्यंतच शक्य आहे. तो गळून रफार झाला की मग प्रत्येक शब्द माणसाने वाचून ठरवावा लागतो.

आपल्या अंकासाठी लेख पाठवणाऱ्यांना आणि ते जुळवणाऱ्या संपादक मंडळाला म्हणूनच ही विनंती. सगळ्यांची पापणी एकाच पद्धतीची असेल तर पाच-दहा वर्षांनी कोणी आपल्या जुन्या अंकांत ‘वऱ्हाड’ किंवा स्वतःचं ‘गोऱ्हे’ हे आडनाव शोधेल, तेव्हा ते त्याला सापडेल.